सत्तेचाळीस कुणी मोजले?



मागच्या वर्षी एक बाई आपल्या दीड वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. हातात पुण्याच्या प्रयोगशाळेचा अहवाल होता. त्यावर गुणसूत्रांच्या जोड्यांचे चित्र आणि खाली एक ओळ, ४७, एक्सवाय, +२१. मुलाला डाऊन सिंड्रोम आहे हे मोठ्या डॉक्टरांनी त्यांना सांगितले होते. त्या माझ्याकडे आल्या त्या होमिओपॅथीत काही औषध असेल या आशेने. तसे औषध माझ्याकडे नाही, आणि असल्याचा आव मी आणला नाही. त्यांच्या सासूबाईंनी ग्रहणात भाजी चिरल्याचा दोष काढला होता. तो खोडून काढण्यासाठी मी चित्र समोर धरून समजावू लागलो: माणसाच्या पेशीत गुणसूत्रे ४६ असतात, इथे एकविसाव्या जोडीत एक जास्त आहे. बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “हे एवढं बारीक कुणी मोजलंय ओ डॉक्टर?”

माझ्या तोंडात जे नाव होते ते मी चाळीस वर्षांपूर्वी पाठ केलेले, लेजन. तेच मी सांगितले. पुढे वाचनात आले की उत्तर इतके सरळ नाही. आजचे व्याख्यान त्या चुकलेल्या उत्तरातून निघाले आहे. त्याला आणखी एक निमित्त आहे. माझ्या भाचीची मुलगी जीवशास्त्रात एम.एस्सी. करून एका प्रयोगशाळेत प्रकल्प साहाय्यक होती. दोन वर्षे तिने पेशी वाढवल्या, स्लाइडी केल्या, मोजल्या. शोधनिबंध छापून आला तेव्हा तिचे नाव शेवटच्या आभाराच्या ओळीत होते. ती मला म्हणाली, “आजोबा, या क्षेत्रात आमच्यासारख्यांचं काय होतं?” मी डॉक्टर असलो तरी सूक्ष्मदर्शकाला शेवटचा डोळा लावला तो बी.एच.एम.एस.च्या पॅथॉलॉजीच्या प्रात्यक्षिकात. तिला सल्ला देण्याचा अधिकार मला नव्हता. म्हणून मी इतिहास वाचला.

पेशी दुभंगते आणि एकीच्या दोन होतात, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ते नीट पाहिले जर्मनीतल्या कील शहरात वाल्थर फ्लेमिंग याने. (पेनिसिलीनवाला फ्लेमिंग वेगळा, तो स्कॉटिश.) सॅलमँडर नावाच्या, पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचराच्या पिलांच्या पेशी मोठ्या असतात. कापडाच्या धंद्यासाठी निघालेले नवे ॲनिलीन रंग त्याने त्या पेशींना दिले आणि केंद्रकातले धागे उठून दिसले. १८८२ च्या ग्रंथात त्याने हे सारे मांडले. ‘मायटोसिस’ हा शब्द त्याचाच, धाग्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून केलेला.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. एरवी हे धागे केंद्रकात सुताच्या गुंत्यासारखे पसरलेले असतात, मोजता येत नाहीत. पेशी दुभंगायच्या तयारीला लागली की त्यांच्या आखूड, जाड लडी होतात. म्हणून मोजायचे तर विभाजनाचीच वेळ साधावी लागते, आणि त्यासाठी वाढत्या, जिवंत पेशी हाताशी हव्यात. तासन्तास नळ्यांपाशी बसणारी तरुण माणसे या शास्त्राला पहिल्यापासून लागली ती यामुळे.

माणसाची गुणसूत्रे किती, यावर १९२३ साली टेक्सासच्या थिऑफिलस पेंटर यांनी ४८ असा निर्णय दिला. गंमत म्हणजे दोन वर्षांपूर्वीच्या टिपणात त्यांनीच लिहिले होते की सर्वांत स्वच्छ दिसलेल्या पेशींत ४६ भरतात. मग त्यांचे मत ४८ वर गेले, आणि जग तीस वर्षे ४८ म्हणत राहिले. ज्यांना ४६ दिसले त्यांना आपल्याच डोळ्यांचा दोष वाटला असावा.

१९५२ च्या सुमारास गॅल्व्हस्टन येथे टी. सी. शू हा चिनी तरुण नुकताच डॉक्टरेट घेऊन काम करीत होता. एके दिवशी त्याच्या स्लाइडींवर गुणसूत्रे अशी सुटी, पसरलेली दिसली की तो चक्रावला. पुन्हा केले तर जमेना. तीन-एक महिने धडपडून कारण सापडले. पेशी धुण्याचे मिठाचे पाणी कुणा तंत्रज्ञाने चुकून पातळ केले होते. पातळ पाण्यात पेशी फुगते आणि आतली गुणसूत्रे एकमेकांपासून सुटतात. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत ही पायरी असते. चूक करणारा तंत्रज्ञ कोण ते कधी कळले नाही. चुकीबद्दल बोलणी बसतील म्हणून तो पुढे आला नसावा, असा माझा अंदाज. आणि खुद्द शू? इतकी सुटी गुणसूत्रे समोर असूनही त्याने ४८ च धरले. पेंटर हे तो शिकला त्या टेक्सास विद्यापीठातले थोर नाव होते. वडीलधाऱ्यांचा आकडा किती जड असतो हे आपल्या घरांत वेगळे सांगायला नको.

तो आकडा मोडला जो हिन त्जिओ याने. जावा बेटावर, चिनी वंशाच्या कुटुंबात १९१९ साली जन्मलेला हा माणूस महायुद्धात जपान्यांच्या बंदिवासात हाल काढून युरोपात आला. स्पेनमध्ये झारागोझाला पिकांच्या गुणसूत्रांवर त्याला नोकरी होती आणि सवडीच्या काळात तो स्वीडनमध्ये लुंड येथे अल्बर्ट लेवान यांच्याकडे काम करी. लेवान यांचा कोल्चिसीनचा अभ्यास दांडगा होता. हे द्रव्य कोल्चिकम वनस्पतीपासून मिळते. आमच्या मटेरिया मेडिकात ती वातरक्तासाठी आहे, म्हणून ओळखीचा शेजारी भेटावा तसे मला झाले. कोल्चिसीनने पेशीचे विभाजन ऐन मध्यावर, गुणसूत्रे स्पष्ट असतानाच थबकते. त्जिओने ते आणि शूचे पातळ पाणी यांची सांगड घातली. २२ डिसेंबर १९५५ च्या रात्री गर्भाच्या फुप्फुसाच्या पेशींत त्याने मोजले, ४६. पुन्हा मोजले, ४६.

पुढचा भाग माझ्या भाचीच्या मुलीला मी दोनदा वाचून दाखवला. त्जिओने नंतर सांगितलेल्या हकिकतीप्रमाणे, निबंधावर पहिले नाव प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे असावे अशी अपेक्षा होती. त्याने साफ नकार दिला. तसे होणार असेल तर काम फेकून देईन, म्हणाला. १९५६ साली निबंध निघाला तो त्जिओ आणि लेवान या क्रमाने. त्या वेळी त्जिओकडे डॉक्टरेट नव्हती. ती त्याने पुढे अमेरिकेत १९६० साली मिळवली. बंदिवास पाहिलेल्या माणसाला कसली भीती राहिली असेल, हा एक विचार. दुसरा असा की स्पेनमध्ये त्याची स्वतःची नोकरी होती, त्यामुळे लुंडचे दार बंद झाले असते तरी तो उघड्यावर पडला नसता. ज्यांच्या पाठीशी दुसरे दार नसते त्यांचे काय होते, ते मार्थ गोतिए यांच्या चरित्रात दिसते.

गोतिए १९२५ साली फ्रान्समध्ये शेतकरी कुटुंबात जन्मल्या. थोरली बहीण पॉलेट वैद्यक शिकत होती. तिने मार्थला सांगून ठेवले होते की बाई आहेस आणि ओळखीपाळखी नाहीत, तर यश मिळवायला दुप्पट चांगले असावे लागेल. १९४४ साली माघार घेणाऱ्या जर्मनांच्या हातून पॉलेट मारली गेली. मार्थने वैद्यक पुरे केले, बालहृदयरोगाचा विषय घेतला, आणि १९५५ साली शिष्यवृत्तीवर बोटीने हार्वर्डला गेली. काम संधिज्वरामुळे होणाऱ्या मुलांच्या हृदयविकाराचे. पण जोडीला एका प्रयोगशाळेत अर्धवेळ काम गळ्यात पडले. तिथली तंत्रज्ञ बाळंतपणाच्या रजेवर होती, तिच्या जागी बसायचे आणि पेशी वाढवायच्या. नेमून दिलेले ते साधे काम तिने मन लावून शिकून घेतले.

परतल्यावर कळले की ठरलेली जागा दुसऱ्याला दिली गेली आहे. (हा अनुभव फक्त आपल्याकडचा नाही तर!) मग पॅरिसच्या त्रुसो रुग्णालयात प्राध्यापक तुर्पां यांच्या विभागात ती रुजू झाली. मतिमंदत्वाच्या या प्रकारामागे गुणसूत्रांतला बिघाड असावा असा तुर्पां यांचा तर्क १९३० च्या दशकापासूनचा होता. तोवर आई-बापांच्या दारूला, नाहीतर गुप्तरोगाला दोष देत. आमच्याकडचे ग्रहण त्या मानाने सौम्यच. लुंडचा ४६ चा आकडा आल्यावर तुर्पां खंतावले की फ्रान्समध्ये असे काम करणारे कुणी नाही. गोतिए म्हणाल्या, जागा द्या, मी करते.

जागा मिळाली, पैसे मिळाले नाहीत. खोलीत एक शीतकपाट, एक सेंट्रिफ्यूज आणि एक साधारण सूक्ष्मदर्शक. काचसामानासाठी त्यांनी स्वतः कर्ज काढले. पेशींना चिकटायला रक्तद्रव हवा म्हणून एक कोंबडा आणून रुग्णालयाच्या आवारात पाळला. त्याचे थोडे थोडे रक्त काढीत. मानवी सीरम विकत घेणे परवडेना, तेव्हा स्वतःच्या दंडातून रक्त काढून घेत. कोंबडीच्या अंड्यांतल्या गर्भाचा अर्कही लागे. जैन घरात वाढलेला मी हे वाचताना अडखळलो, हे कबूल करतो. कोंबडा तरी पाळलेला होता, अंड्यांचे तसे म्हणता येत नाही.

प्रथम निरोगी मुलांच्या शस्त्रक्रियेत निघालेल्या ऊतींवर त्यांनी हात बसवला. नियमाने ४६ येऊ लागले. मे १९५८ मध्ये डाऊन सिंड्रोम असलेल्या एका मुलाच्या त्वचेचा तुकडा आला, आणि त्याच्या पेशींत त्यांना ४७ दिसले. जास्तीचे गुणसूत्र अगदी बारके होते.

पुराव्याला छायाचित्र हवे, आणि छायाचित्र घेणारा सूक्ष्मदर्शक त्या खोलीत नव्हता. तुर्पां यांचे शिष्य जेरोम लेजन प्रयोगशाळेत येऊ-जाऊ लागले होते. स्लाइडी दुसरीकडे नेऊन छायाचित्रे काढून आणतो, म्हणाले. गोतिए यांनी विश्वासाने दिल्या. त्यांच्या सांगण्याप्रमाणे छायाचित्रे त्यांना दाखवली गेली नाहीत. ऑगस्टमध्ये लेजन यांनी मॉन्ट्रियलला हा शोध सांगितला. २६ जानेवारी १९५९ रोजी फ्रेंच अकादमीपुढे टिपण आले, त्यात पहिले नाव लेजन, मधले गोतिए, शेवटचे तुर्पां. मधले नावही चुकीचे, ‘मारी गोथिए’ असे छापले गेले. छापायच्या आदल्या क्षणापर्यंत त्यांना मजकूर ठाऊक नव्हता, अशी त्यांची तक्रार होती.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लेजन यांचे अनुयायी त्यांच्या वहीतल्या नोंदींचा दाखला देतात. पुढे त्यांनी अशा मुलांची सेवा आयुष्यभर केली, आणखी विकारांची गुणसूत्रे शोधली. ते काम खोटे नव्हते. पारितोषिके आणि प्राध्यापकपद मात्र एकट्याच्या वाट्याला आले. गोतिए गुणसूत्रे सोडून मुलांच्या विकारांकडे परतल्या आणि पन्नास वर्षे गप्प राहिल्या. २००९ साली त्यांनी आपली हकिकत लिहून प्रसिद्ध केली. जानेवारी २०१४ मध्ये बोर्दो येथे जनुकशास्त्रज्ञांच्या परिषदेत त्यांचा सत्कार आणि भाषण ठरले होते. लेजन यांच्या नावच्या प्रतिष्ठानने न्यायालयाची परवानगी काढून भाषण नोंदवून घ्यायला बेलीफ पाठवले. आयोजक धास्तावले, भाषण रद्द झाले आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईंना पदक गाजावाजा न करता देण्यात आले. त्याच वर्षी सप्टेंबरात इन्सर्म या फ्रान्सच्या राष्ट्रीय वैद्यक संशोधन संस्थेच्या नीतिसमितीने मत दिले: या शोधात पेशी वाढवण्याचे तंत्र निर्णायक होते आणि लेजन यांचा वाटा सर्वांत मोठा असण्याचा संभव कमी. गोतिए २०२२ साली वारल्या.

पेशी वाढवण्याची विद्या अमेरिकेत शिकून मायदेशी आणणारी आणखी एक बाई त्याच दशकातली, आणि ती आपली आहे. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ. जन्म पुण्यात १९१७ चा. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. हुजूरपागा, मग फर्ग्युसन, आणि लग्नानंतर १९४३ साली एम.एस्सी. विषय सीताफळाच्या कुळातील वनस्पतींचे पेशी-आनुवंशशास्त्र, म्हणजे गुणसूत्रेच! मुंबईत टाटा रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली १९४९ साली पीएच.डी. झाल्यावर त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या.

गाय यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय रुग्ण स्त्रीच्या गाठीतील पेशी कधीही न थांबता वाढू लागल्या होत्या. जगभर वापरल्या गेलेल्या त्या ‘हीला’ पेशी. घरच्यांना वर्षानुवर्षे पत्ता नव्हता आणि बाईंचे खरे नावही बराच काळ लोकांना माहीत नव्हते. नाव न मिळण्याचा प्रश्न संशोधकांपुरता नाही, एवढेच इथे नोंदवतो.

रणदिवेबाई परत आल्या तेव्हा त्यांची जागा दुसऱ्याला गेली नव्हती. खानोलकरांनी उभारलेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांना हक्काचे काम मिळाले आणि तिथे त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली, म्हणजे जिवंत पेशी काचेच्या भांड्यात वाढवण्याची. पुढे केंद्राचे संचालकपद त्यांनी काही वर्षे सांभाळले, १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना काढण्यात पुढाकार घेतला, १९८२ साली पद्मभूषण झाले. हुशारीत गोतिए कमी होत्या असे नाही. एकीला परतल्यावर टेबल, पगार आणि पद मिळाले, दुसरीला पाहुणी म्हणून खोली मिळाली. इतिहास वाचताना मला हा फरक सर्वांत महत्त्वाचा वाटला.

वरिष्ठाने कसे वागावे याचे एक उदाहरण एडिंबरोचे आहे. पॉल नर्स हा इंग्रज मुलगा फ्रेंचच्या शालेय परीक्षेत सहा वेळा नापास झाला म्हणून विद्यापीठात प्रवेश मिळेना. गिनेस या बिअरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्याने तंत्रज्ञाचे काम केले. मागाहून शिकून १९७३ च्या सुमारास तो मर्डॉक मिचिसन यांच्याकडे आला. तिथे किण्वाच्या पेशी दुभंगायचे कधी ठरवतात, हे तो शोधू लागला. वेळेआधीच दुभंगणाऱ्या, म्हणून खुजट राहणाऱ्या पेशी त्याला सापडल्या. स्कॉटिश बोलीत ‘वी’ म्हणजे छोटे. पेशींना तेच नाव पडले. १९७५ साली ‘नेचर’मध्ये यावर निबंध आला, त्यावर नाव एकट्या नर्सचे. जागा, पैसा, बैठक सारे मिचिसन यांचे. पण ज्या प्रयोगाला स्वतःचा हात लागला नाही त्यावर नाव घालायचे नाही, असा त्यांचा शिरस्ता होता.

नर्सनेच सांगितलेली एक गोष्ट मजेदार आहे. अशा सुमारे पन्नास पेशीजाती त्याने एकेक करून गोळा केल्या. शेवटच्या बशीवर बुरशी आली होती. कंटाळून त्याने ती कचऱ्यात टाकली आणि घरी गेला. मग चुटपुट लागली म्हणून पावसात परत येऊन उचलून घेतली. बाकीच्या साऱ्या एकाच जनुकाच्या निघाल्या, ही एकटी वेगळी, ‘सीडीसी२’ या जनुकाची. १९८७ साली त्याच्या प्रयोगशाळेतल्या मेलनी ली यांनी हे जनुक बिघडलेल्या किण्वात माणसाची जनुके घालून पाहिली. एकाने काम निभावले, किण्व दुभंगू लागले. बिअरच्या किण्वात आणि आपल्या शरीरात दुभंगण्याची कळ एकच निघाली. त्या निबंधावर पहिले नाव ली यांचे आहे. २००१ चे नोबेल नर्सला, लेलंड हार्टवेल आणि टिम हंट यांच्यासह मिळाले.

आता आपल्या घरातल्या मुलामुलींसाठी व्यवहाराचे. बाईंच्या हातातला अहवाल आज रक्ताच्या चमच्याभर नमुन्यातून निघतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी राजम्यातून काढलेल्या एका द्रव्याने दुभंगायला लागतात, हे १९६० साली पीटर नॉवेल यांनी दाखवले. तीन दिवस वाढवायच्या, थबकवायच्या, फुगवायच्या, रंगवायच्या. अशा तपासण्यांच्या प्रयोगशाळा मोठ्या शहरांत आहेत आणि तिथे शिकलेल्या हातांना काम असते. वंध्यत्व केंद्रांतही पेशी सांभाळणारी माणसे लागतात. संशोधनच करायचे तर सी.एस.आय.आर.-यू.जी.सी.ची नेट परीक्षा हा रुळलेला रस्ता. २०२३ पासून कनिष्ठ शिष्यवृत्ती महिना ३७,००० रुपये आहे. पुण्याचे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आणि आयसर, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, हैदराबादचे सीसीएमबी ही आपल्यापासून रात्रभराच्या प्रवासावरची ठिकाणे. रणदिवेबाईंच्या केंद्राचा वारसा खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये आहे. डॉक्टरेटनंतर स्वतःच्या नावावर पैसा मिळावा, कुणा वरिष्ठाच्या प्रकल्पातून नव्हे, यासाठी हैदराबादच्या इंडिया अलायन्सची आणि परदेशातून परतणाऱ्यांसाठी रामलिंगस्वामी यांच्या नावाची पाठ्यवृत्ती आहे. जागा थोड्या आणि उमेदवार फार, ही खोट आहेच. आई-वडिलांनी तिसाव्या-बत्तिसाव्या वर्षापर्यंत धीर धरायची तयारी ठेवावी. आमच्या व्यापारी घरांत हे जड जाते, मी पाहतो आहे.

त्या बाई मुलाच्या सर्दी-खोकल्यासाठी अजून येतात. मागच्या खेपेला मी माझे उत्तर दुरुस्त केले आणि मार्थ गोतिए हे नाव सांगितले. कोंबड्याची गोष्ट त्यांना फार आवडली. सासूबाईंना सांगते, म्हणाल्या.

भाचीच्या मुलीने ती प्रयोगशाळा सोडली. पुढच्या महिन्यात तिची दुसरीकडे मुलाखत आहे. तिथल्या प्रमुखांना नावांच्या क्रमाबद्दल पहिल्याच भेटीत विचारू का, असे ती विचारत होती. मी म्हटले, विचार. आणि प्रयोगवही रोजच्या रोज तारीख घालून लिही, छायाचित्रांची एक प्रत आपल्यापाशी असू दे.